औषधापुरती बाटली

बंगळूरु मागे टाकून उत्तरेकडे निघाले की देवनहळ्ळी लागते. टिपू सुलतानाचे हे जन्मगाव. इथला जुना किल्ला आजही उभा आहे. या तालुक्याची दुसरी ओळख फळांची. इथल्या पपनसाला भौगोलिक मानांकन मिळाले आहे आणि आसपासच्या पट्ट्यात पिकणाऱ्या ‘बंगळूर ब्लू’ या काळ्या-जांभळ्या द्राक्षालाही. २००८ मध्ये येथे आंतरराष्ट्रीय विमानतळ सुरू झाला आणि तेव्हापासून जमिनीचा भाव हेच येथले मुख्य पीक झाले. तरी महामार्ग सोडून आत वळले, नंदी टेकड्यांच्या दिशेने गेले, तर मांडवावर चढवलेल्या वेली अजून दिसतात. कर्नाटक सरकारने २००७ मध्ये द्राक्षप्रक्रिया आणि वाइन धोरण आणले, त्यामागे याच पट्ट्याची आशा होती.

दक्षिणेकडची राज्ये ब्रँडी पिणारी म्हणून ओळखली जातात. द्राक्षांच्या या मुलुखातही दुकानांत ब्रँडी मुबलक मिळते. मात्र स्वस्त ब्रँडीचा मोठा हिस्सा उसाच्या मळीपासून काढलेल्या अल्कोहोलचा असतो. मिश्र ब्रँडीत खऱ्या द्राक्ष-ब्रँडीचे प्रमाण अगदी थोडे ठेवले तरी कायद्याला चालते. वेलीपासून हाकेच्या अंतरावर विकल्या जाणाऱ्या बाटलीत द्राक्ष शोधावे लागावे, ही गंमतच आहे. ब्रँडी म्हणजे नेमके काय, ती कोणासाठी असते, ती विकणारा कोण आणि पिणाऱ्याला सरकार काय समजते, हे प्रश्न त्यामुळे वाटतात तितके क्षुल्लक राहत नाहीत. ऐंशीहून अधिक वर्षांपूर्वी एका मराठी चित्रपटाने यातला पहिला प्रश्न विचारला आणि विनोदाच्या आडोशाने बाकीचेही सुचवले. तो चित्रपट म्हणजे ‘ब्रँडीची बाटली’.

१९३९ सालचा हा बोलपट कोल्हापूरच्या हंस पिक्चर्सने काढला. दिग्दर्शक मास्टर विनायक, लेखक प्रल्हाद केशव अत्रे. हिंदीतही तो ‘ब्रँडी की बोतल’ या नावाने निघाला. कथा दोन वाक्यांत सांगता येते. बगाराम हा नगरपालिकेतला बुजरा कारकून मालतीच्या प्रेमात आहे. तिचा भाऊ आजारी पडतो, औषध म्हणून ब्रँडी हवी असते आणि ती आणण्याचे काम बगारामवर येऊन पडते. ब्रँडी म्हणजे काय हेच त्याला ठाऊक नाही. या निर्व्यसनी, भाबड्या माणसाची दारूच्या दुनियेतली भटकंती म्हणजे हा चित्रपट. दामूअण्णा मालवणकर यांनी बगाराम रंगवला, मीनाक्षी यांनी मालती.

आदल्याच वर्षी याच संस्थेच्या, याच दिग्दर्शकाच्या आणि याच लेखकाच्या ‘ब्रह्मचारी’ने मोठे यश मिळवले होते. ढोंगी ब्रह्मचर्याची त्यातली टवाळी आजही आठवणीने सांगितली जाते. ‘ब्रँडीची बाटली’च्या वाट्याला ते भाग्य आले नाही. चित्रपटाच्या इतिहासात त्याचा उल्लेख होतो तो बहुधा ‘ब्रह्मचारी’नंतरचा आणखी एक फार्स म्हणून, किंवा दारूबंदीच्या प्रचाराला हातभार लावणारा प्रसंगोपात्त विनोदपट म्हणून. पहिल्या वर्णनात तुच्छता आहे, दुसऱ्यात दया. अत्र्यांच्या चाहत्यांनाही त्यांची महत्ता सांगताना हा चित्रपट आठवत नाही. त्यांना ‘श्यामची आई’ आठवते, ‘मराठा’तले अग्रलेख आठवतात, शिवाजी पार्कवरची भाषणे आठवतात.

हा न्याय बरोबर आहे का, हे तपासण्यासाठी चित्रपट ज्या हवेत जन्मला ती हवा समजून घ्यावी लागेल. १९३७ मध्ये प्रांतांत काँग्रेसची मंत्रिमंडळे आली. दारूबंदी हा गांधीजींच्या कार्यक्रमाचा गाभा होता, त्यामुळे नव्या सरकारांवर ती करून दाखवण्याची नैतिक जबाबदारी होती. मद्रास प्रांतात राजाजींनी १ ऑक्टोबर १९३७ रोजी सेलम जिल्ह्यापासून सुरुवात केली. बुडणारा महसूल भरून काढण्यासाठी १९३९ मध्ये त्यांनी सर्वसाधारण विक्रीकर आणला. आज ज्या करव्यवस्थेच्या टोकाला आपण ‘जीएसटी’ म्हणून पोहोचलो आहोत, तिची एक मुळी अशी दारूबंदीच्या खड्ड्यात रुजलेली आहे. पुढचा योगायोग असा, की पिण्याची दारू त्याच ‘जीएसटी’च्या बाहेर ठेवली गेली आणि म्हणूनच राज्यांच्या हातातले ते सर्वांत हुकमी उत्पन्न ठरले.

मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ होते. आरोग्य आणि अबकारी ही दोन्ही खाती डॉ. एम. डी. डी. गिल्डर यांच्याकडे होती. गिल्डर हे नामांकित हृदयरोगतज्ज्ञ. लोकांचे आरोग्य आणि लोकांची दारू एकाच डॉक्टरच्या टेबलावर यावी, ही गोष्ट कोणा विनोदकाराने रचलेली नव्हती. १ ऑगस्ट १९३९ रोजी मुंबई शहरात दारूबंदी लागू झाली. तूट भरून काढण्यासाठी शहरी स्थावर मालमत्तेवर दहा टक्के कर बसवण्यात आला. पारशी समाजातून आणि घरमालकांकडून विरोध झाला. कोकणपट्टीतील भंडाऱ्यांपुढे माडीच्या व्यवसायाचे काय करायचे, हा प्रश्न उभा राहिला. त्याच वर्षाच्या अखेरीस युद्धाच्या प्रश्नावर मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले आणि १९४० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने जुन्या अबकारी कायद्याच्या आधारे काढलेली बंदीची अधिसूचना टिकणारी नसल्याचा निर्णय दिला.

‘ब्रँडीची बाटली’ याच वर्षाचा चित्रपट. तो कोल्हापुरात तयार झाला हेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे. कोल्हापूर तेव्हा संस्थान होते. मुंबई सरकारचा हुकूम तेथे चालत नव्हता. बंदीच्या सीमेबाहेर बसून बंदीबद्दलचा विनोद रचला जात होता आणि तो बंदीच्या मुलुखात दाखवला जाणार होता.

अत्रे या विषयाकडे बाहेरून पाहत नव्हते. तीसच्या दशकाच्या उत्तरार्धात ते पुण्याच्या नगरपालिकेत काँग्रेसचे सभासद म्हणून वावरत होते; ‘रे मार्केट’ला महात्मा फुले यांचे नाव देण्यात त्यांचा पुढाकार होता. ठराव कसे होतात, कागद कसे फिरतात, वरच्या आदेशाचा खालच्या टेबलावर काय अर्थ लावला जातो, हे त्यांनी जवळून पाहिले होते. बगारामला त्यांनी नगरपालिकेचा कारकून केले, त्यात ही ओळख दिसते. बगाराम हा राज्ययंत्रणेचा सगळ्यात खालचा दात आहे. कार्यालयात तो सरकार असतो, बाहेर पडला की त्याच सरकारची रयत.

अत्र्यांच्या आधी मराठी रंगभूमीवर दारू हा शोकांतिकेचा विषय होता. त्यांनी ज्यांना गुरू मानले, त्या राम गणेश गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ १९१९ मध्ये रंगभूमीवर आले. त्यातला सुधाकर हा बुद्धिमान, मानी वकील आहे. त्याच्या अधःपतनाला उंची आहे, कारण तो उंचावरून पडतो. तळीराम आणि त्याचे आर्य मदिरा मंडळ हा त्या नाटकातला हसवणारा भाग. पण नाटकाचा निवाडा सुधाकर आणि सिंधू यांच्या दुःखातच आहे. मध्यमवर्गीय मराठी माणसाने दारूविषयीचा आपला सारा नैतिक विचार पुढची अनेक वर्षे याच नाटकातून घेतला. दारू म्हणजे स्वतःच्या मनावरचा ताबा सुटणे, आणि दारूबंदी म्हणजे तो ताबा सरकारने घेणे, असे काहीसे ते समीकरण होते.

शिष्याने विषय तोच घेतला, पण माणूस बदलला. बगाराम पीत नाही. त्याला पिण्याची इच्छाही नाही. त्याच्या मनावरचा ताबा सुटण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. तरीही तो दारूच्या बाजारात ढकलला जातो, कारण एका घरात आजारपण आहे आणि आजारावरचे औषध नेमके त्या वस्तूत आहे जी समाज निषिद्ध मानतो. गडकऱ्यांनी व्यसनी माणूस पाहिला. अत्र्यांनी व्यसनाच्या व्यवस्थेत सापडलेला निर्व्यसनी माणूस पाहिला. हा फरक लहान नाही. धोरणाच्या भाषेत सांगायचे तर गडकऱ्यांचा प्रश्न व्यक्तीच्या चारित्र्याचा आहे, तर अत्र्यांचा प्रश्न नियमाच्या अपवादाचा.

आणि अपवाद हीच भारतातल्या दारूबंदीची खरी कहाणी आहे.

राज्यघटनेचे ४७ वे कलम राज्याला मादक पेयांवर बंदी आणण्याचा प्रयत्न करण्यास सांगते, ‘औषधी प्रयोजनाव्यतिरिक्त’ असा अपवाद ठेवून. २४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत या तरतुदीवर चर्चा झाली. छोटा नागपूरचे जयपालसिंह यांनी आदिवासींच्या धर्मविधींतील तांदळाच्या मद्याचा प्रश्न मांडला. कोल्हापूरचे प्रतिनिधी बी. एच. खर्डेकर यांनी या दुरुस्तीला विरोध केला. ज्या शहरात बगाराम जन्मला, त्याच शहराच्या प्रतिनिधीने सभागृहात बहुमताविरुद्ध उभे राहावे, याला योगायोगापेक्षा अधिक अर्थ देण्याचे कारण नाही. पण मराठी सार्वजनिक जीवनात दारूबंदीविषयी शंका घेणारा एक प्रवाह होता, एवढे त्यावरून कळते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ती दुरुस्ती स्वीकारली, तरी पुढे १९५१ च्या शेड्युल्ड कास्ट फेडरेशनच्या जाहीरनाम्यात दारूबंदी रद्द करून तो महसूल राज्याच्या कामासाठी मिळवावा, अशीच भूमिका होती.

स्वातंत्र्यानंतर मोरारजी देसाई मुंबईचे गृहमंत्री असताना १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि १९५० पासून राज्यात संपूर्ण बंदी झाली. फ्राम नसरवानजी बलसारा यांनी तिला न्यायालयात आव्हान दिले. आपल्याला व्हिस्की, ब्रँडी, वाइन, बिअर, औषधी वाइन, यू-डी-कलोन वगैरे बाळगण्याचा आणि वापरण्याचा हक्क आहे, असे त्यांचे म्हणणे होते. मे १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायद्याचा मोठा भाग वैध ठरवला, पण दोन गोष्टी रद्द केल्या. अल्कोहोल असलेली औषधे आणि प्रसाधने बाळगण्यावरची, विकण्यावरची आणि वापरण्यावरची बंदी टिकली नाही. आणि मादक पदार्थांची प्रशंसा करणे हाही गुन्हा ठरवणारी कलमे अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या विरोधात असल्यामुळे टिकली नाहीत.

हे दोन मुद्दे वाचताना बगाराम डोळ्यांपुढे येतो. आजाऱ्यासाठी लागणारी बाटली हा पहिला मुद्दा. दुसरा, बाटलीविषयी मोकळेपणाने बोलण्याचा. बारा वर्षांपूर्वी ज्या गोष्टीवर अत्र्यांनी फार्स लिहिला होता, तिचाच निकाल देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला गंभीरपणे द्यावा लागला. अत्र्यांना हे आधी दिसले होते असा दावा करणे अतिशयोक्तीचे होईल. त्यांचा चित्रपट दारूबंदीच्या बाजूचाच समजला जातो. पण विनोदकार जेव्हा एखाद्या नियमाची गोष्ट शेवटपर्यंत नेतो, तेव्हा नियमाच्या कर्त्याने ज्या कोपऱ्याकडे पाहिलेले नसते तो कोपरा उजेडात येतो, आणि कर्त्याशी त्याचे मतैक्य असले तरीही येतो. फार्सचे हे सामर्थ्य प्रचाराच्या हेतूपेक्षा टिकाऊ असते.

खरी गंमत त्यानंतरची आहे. साठच्या दशकात महाराष्ट्राने बंदी सैल केली, पण कायदा रद्द केला नाही. १९४९ चाच कायदा, आता महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम या नावाने, अजून लागू आहे. त्याखाली दारू पिण्यासाठी व्यक्तीकडे परवाना असावा लागतो. एक दिवसाचा परवाना पाच रुपयांत, वर्षाचा शंभरात आणि आजन्म हजारात मिळत आला आहे. आणि परवान्याची भाषा अशी, की धारकाला आरोग्य टिकवण्यासाठी मद्याची गरज आहे. म्हणजे मुंबई-पुण्याच्या परमिट रूममध्ये संध्याकाळी बसणारा प्रत्येक जण कायद्याच्या दृष्टीने रुग्ण आहे. बगारामने एका आजाऱ्यासाठी बाटली शोधली. महाराष्ट्राने सगळ्या पिणाऱ्यांनाच आजारी ठरवून टाकले. परवाना बहुतेक जण घेत नाहीत, विचारणारेही क्वचितच विचारतात, आणि ज्या दिवशी एखाद्याला अडकवायचे असते त्या दिवशी तो नेमका आठवतो. शेजारच्या गुजरातमध्ये तर याच मूळ कायद्याखाली आरोग्याच्या कारणासाठीचे परवाने वैद्यकीय मंडळाच्या शिफारशीने दिले जातात. दोन राज्यांत माणसांच्या प्रकृतीत इतका फरक असेल असे नाही. फरक आहे तो अपवादाचे दार किती उघडे ठेवायचे, याचा.

निपाणीजवळ राज्याची सीमा ओलांडली की पिणाऱ्याची प्रकृती एकदम सुधारते. कर्नाटकात असा व्यक्तिगत परवाना लागत नाही. पूर्वीच्या म्हैसूर राज्याने साठच्या दशकाच्या उत्तरार्धातच दारूबंदी सोडून दिली. २००३ मध्ये कर्नाटकाने मद्याचा घाऊक व्यापार सरकारी पेय महामंडळाकडे घेतला, १ जुलै २००७ पासून अरक बंद केला, आणि ‘एमएसआयएल’ या सरकारी कंपनीची दारूची किरकोळ दुकाने राज्यभर चालतात. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात अबकारीचे उद्दिष्ट ४० हजार कोटी रुपयांचे होते. इथे सरकार डॉक्टरचे सोंग घेत नाही. ते उघडपणे दुकानदार आहे. महाराष्ट्राचे अबकारी उत्पन्नही २० हजार कोटींच्या वर गेले आहे. जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मद्यावरील शुल्क वाढवून आणखी सुमारे १४ हजार कोटी मिळवण्याचा निर्णय घेतला. दारूबंदी अधिनियम नावाचा कायदा आणि दारूपासून वाढीव उत्पन्नाचे उद्दिष्ट, दोन्ही एकाच सरकारचे आणि दोन्ही एकाच वेळचे.

दुसऱ्या टोकाला बिहार आहे. एप्रिल २०१६ पासून तेथे संपूर्ण बंदी आहे. आरंभीचा कायदा इतका कठोर होता, की न्यायालयांत जामीन अर्जांचा ढीग साचला. पहिल्यांदा पिताना सापडलेल्याला दंड घेऊन सोडण्याची तरतूद २०२२ मध्ये करावी लागली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात सारण जिल्ह्यात विषारी दारूने ७० हून अधिक माणसे मेली. पण विषारी दारू केवळ बंदीच्या मुलुखातच मारते असेही नाही. मुंबईत मालवणीला जून २०१५ मध्ये शंभराहून अधिक माणसे मेली, तेव्हा शहरात परमिट रूमची कमतरता नव्हती. मेले ते परवडणारी दारू पिणारे. महाराष्ट्रातच वर्धा जिल्हा १९७५ पासून आणि गडचिरोली १९९३ पासून कोरडा आहे. चंद्रपूरमध्ये २०१५ मध्ये आलेली बंदी २०२१ मध्ये उठवण्यात आली. एकाच राज्यात, एकाच कायद्याखाली, जिल्हा बदलला की बाटलीचा अर्थ बदलतो.

या सगळ्यात राज्य तीन भूमिका एकदम वठवते: डॉक्टर, पोलीस आणि दुकानदार. डॉक्टर म्हणून ते परवाना देते, पोलीस म्हणून तो तपासते, दुकानदार म्हणून विक्री वाढावी अशी इच्छा धरते. या तिघांचे हितसंबंध परस्परविरोधी आहेत आणि ज्या नागरिकाला या तिघांकडे एकाच दिवशी जावे लागते त्याची अवस्था बगारामसारखी होते. त्याला विचारावेसे वाटते की बाबांनो, ही वस्तू औषध आहे, गुन्हा आहे की माल आहे? उत्तर कोणत्या खिडकीवर विचारले यावर अवलंबून असते.

या चित्रपटातली एक मोठी उणीव मात्र मान्य केली पाहिजे. मालती वाट पाहते. तिने काय करावे, हा कथेचा प्रश्न नाही. बाटली पुरुष आणतो, पुरुष विकतो, पुरुष पितो, आणि हसण्याचा हक्कही त्याचाच. १९३९ च्या विनोदपटाकडून याहून वेगळी अपेक्षा करणे कदाचित योग्य नाही, पण दारूच्या प्रश्नाचा खरा इतिहास मालतीच्या बाजूने लिहिला गेला आहे. आंध्रातील अरकविरोधी चळवळ नव्वदच्या दशकाच्या आरंभी नेल्लोरच्या खेड्यांतल्या बायकांनी उभी केली. कर्नाटकात जानेवारी २०१९ मध्ये ग्रामीण भागातील हजारो स्त्रिया दारूबंदीच्या मागणीसाठी चित्रदुर्गहून बंगळूरुपर्यंत सुमारे २०० किलोमीटर चालत आल्या. सरकार ज्या शहरात आपले उत्पन्न मोजत होते त्या शहरात त्या आपला खर्च सांगायला आल्या होत्या: मजुरीतून गेलेला, अंगावरच्या वळांतून दिसणारा, पोराच्या शाळेतून वजा झालेला.

महाराष्ट्रात याच अनुभवातून एक वेगळीच लोकशाही रीत निर्माण झाली. गावात दारूचे दुकान असावे की नसावे, यावर स्त्रियांचे गुप्त मतदान होते. मतपत्रिकेवर दोन चित्रे असतात, उभी बाटली आणि आडवी बाटली. मतदारयादीतल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तर दुकान बंद होते. टक्केवारी झालेल्या मतदानाची नसून संपूर्ण यादीची असते, त्यामुळे गैरहजर राहिलेली प्रत्येक स्त्री जणू दुकानाच्या बाजूने मोजली जाते. आमदार-खासदारांच्या निवडीलाही अशी अट नसते. तरी अनेक गावांनी ती पार केली. या मतपत्रिकेतल्या बाटलीला औषधाचे सोंग घ्यावे लागत नाही. ती उभी आहे की आडवी, एवढाच प्रश्न आहे, आणि तो विचारला जातो ज्यांच्या घरावर तिचा परिणाम होतो त्यांना. मुंबईतून सरसकट फर्मान काढणारी बंदी आणि मुंबईतून सरसकट शुल्क ठरवणारी मुभा, या दोहोंपेक्षा हा मार्ग अधिक प्रामाणिक आहे.

अत्र्यांच्या वारशाचा विचार याच्या उजेडात करावासा वाटतो. १९५४ मध्ये राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक ‘श्यामची आई’ला मिळाले, पुढच्या वर्षी त्यांच्या ‘महात्मा फुले’चाही राष्ट्रीय गौरव झाला. राज्याने अत्र्यांना मान दिला तो त्यांनी पवित्र आणि उदात्त विषय हाताळले तेव्हा. ते योग्यच होते. पण त्यामुळे एक सवय लागली, की पटकथाकाराचे मोठेपण विषयाच्या मोठेपणावरून मोजायचे. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्याच मोरारजींच्या विरोधात अत्र्यांची लेखणी तळपली, ज्यांनी मुंबईला संपूर्ण दारूबंदी दिली होती. ती धार सगळ्यांच्या लक्षात राहिली; तिची सवय ज्या हलक्याफुलक्या पटकथांतून झाली त्या विसरल्या गेल्या. ‘लग्नाची बेडी’, ‘साष्टांग नमस्कार’, ‘ब्रह्मचारी’ आणि ‘ब्रँडीची बाटली’ यांतला अत्रे एकच आहे. समाज ज्या गोष्टीविषयी मोठ्या आवाजात शपथा घेतो, तिथे तो जाऊन थांबतो आणि शपथ घेणाऱ्याच्या खिशात काय आहे ते पाहतो.

म्हणून या चित्रपटाला उत्तम कलाकृती म्हणून पुन्हा प्रतिष्ठा द्यावी, असा माझा आग्रह नाही. तो फार्स आहे आणि फार्सच्या सगळ्या मर्यादा त्यात आहेत. आग्रह एवढाच, की त्याला दस्तऐवज म्हणून वाचावे. आपल्याकडे दारूबंदीच्या इतिहासाची साधने म्हणजे कायदे, निकाल, अर्थसंकल्प आणि नेत्यांची भाषणे. त्या कागदांत पिणारा माणूस असतो, विकणारा असतो, पकडणारा असतो. नियमाशी काहीही देणेघेणे नसताना त्यात सापडलेला सामान्य माणूस मात्र तिथे सापडत नाही. तो एका दुर्लक्षित विनोदपटात सापडतो, हातात रिकामी पिशवी घेतल्यासारखा, ज्या वस्तूचे नाव त्याला नीट माहीत नाही ती मागत.

त्या माणसाचे ऋण फेडायचे तर पहिली गोष्ट म्हणजे कायद्याने खोटे बोलणे थांबवावे. प्रौढ माणसाला दारू पिण्याची मुभा द्यायची असेल तर ती प्रौढ म्हणून द्यावी, रुग्ण म्हणून नव्हे. महाराष्ट्रातील आरोग्याच्या बहाण्याचा परवाना रद्द व्हावा. दुसरी गोष्ट, दारूतून येणाऱ्या पैशाचा एक ठरलेला वाटा व्यसनमुक्ती, उपचार आणि पीडित कुटुंबांसाठी राखून ठेवावा आणि तो अर्थसंकल्पात वेगळा दाखवावा, म्हणजे दुकानदाराला डॉक्टरची फी चुकवता येणार नाही. तिसरी, दुकान असावे की नसावे हे ठरवण्याचा गावाचा आणि विशेषतः गावातल्या स्त्रियांचा अधिकार बळकट करावा, त्याच्या अटी सोप्या कराव्यात, आणि कर्नाटकासारख्या राज्यांनीही तो द्यावा.

देवनहळ्ळीच्या परिसरातल्या द्राक्षबागा एकेक करून मोजल्या जात आहेत, त्या बहुधा भूखंडांसाठी. उद्या त्यांच्या जागी जे उभे राहील त्यातही दारूचे दुकान असेल, त्यात ब्रँडी असेल आणि ती कशापासून बनली हे बाटलीवर बारीक अक्षरांत लिहिलेले असेल. ते वाचण्याइतका वेळ फार थोड्यांना असतो. बगारामला होता, कारण त्याला ती प्यायची नव्हती.